सहा फोन, एक शेत आणि माळ्यावरचा जुना लॅपटॉप



आजच्या नोंदीत डाऊनी नाही, भुरी नाही, डीपिंगचा डोस नाही. आज नोंदी ठेवायच्या कुठं, त्याची नोंद आहे. गेल्या वर्षभरात बऱ्याच जणांनी विचारलं की तुमच्याकडं पाच-सहा वर्षांचे देठ परीक्षणाचे अहवाल, छाटणीच्या तारखा, फवारणीचे फोटो असं सगळं लगेच कसं सापडतं. फोनवर प्रत्येकाला सांगून झालं, पण ते तुकड्या-तुकड्यांनी. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. ज्यांना कॉम्प्युटरचं वावडं आहे त्यांनीही वाचा, यात फार काही अवघड नाही.

आधी आमच्या घरातली परिस्थिती सांगतो, तुमच्या घरात वेगळी असेल असं वाटत नाही. निफाड तालुक्यात मळ्यात घर, साडेसहा एकर द्राक्ष, बाकी कांदा-सोयाबीन. घरात फोन सहा. फवारणी धाकटा भाऊ बघतो, त्यामुळं औषधाच्या बाटल्यांचे, लेबलचे, बॅच नंबरचे फोटो त्याच्या फोनमध्ये. मजुरांचा हिशेब आमच्या सौभाग्यवतींच्या फोनमध्ये. माती-पाणी-देठ परीक्षणाचे अहवाल माझ्या ईमेलमध्ये. सल्लागार साहेबांचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर, तेही तीन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये. सातबारा, बँकेचे कागद, विम्याच्या पावत्या पुतण्याच्या फोनमध्ये, कारण ऑनलाइन अर्ज तोच भरतो. आणि नानांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, १९८६ पासूनच्या वह्या लोखंडी पेटीत. शेत एक आणि त्याची माहिती सात ठिकाणी.

याची किंमत आम्ही २०२३-२४ च्या हंगामात मोजली. जानेवारीत भाऊ ब्लोअरच्या टाकीत वाकून पाणी बघत होता, शर्टाच्या वरच्या खिशातला फोन सरळ आत. टाकीत औषध कालवलेलं. फोन गेलाच. फेब्रुवारीत एका प्लॉटचा रेसिड्यू अहवाल आला, त्यात एक घटक मर्यादेच्या अगदी काठावर दाखवत होता. माल घेणाऱ्या कंपनीनं विचारलं, हे औषध कधी मारलं, कुठल्या बॅचचं, किती प्रमाणात, फोटो पाठवा. आमच्या नोंदवहीत तारीख होती, पण बॅच नंबर आणि लेबलचा फोटो त्या फोनमध्येच. दुकानदाराकडून बिल काढून आणेपर्यंत दोन दिवस गेले. कंपनी थांबली नाही, त्यांनी त्या प्लॉटचा माल सोडून दिला. नऊ टन माल लोकलला गेला, किलोमागं बावीस रुपयांचा फरक. गुणाकार तुम्हीच करा.

निर्यातीचा प्लॉट ज्यांचा आहे त्यांना हे नव्यानं सांगायला नको. २०१० साली सीसीसीच्या अंशामुळं युरोपात आपल्या द्राक्षाचे कंटेनर अडकले, तेव्हा आपल्या भागात किती घरं हादरली ते नानांच्या पिढीनं आणि आम्हीही पाहिलंय. तेव्हापासून प्लॉट ग्रेपनेटला नोंदवला की फवारणीची नोंद हा मालाचाच भाग झाला. पण नोंद असणं वेगळं आणि मागितल्यावर दहा मिनिटांत हातात असणं वेगळं.

आता पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो क्लाउडचा. गुगलवर टाकून द्या, झालं. मी क्लाउडच्या विरोधात नाही, थोडा वापरतोही. पण हिशेब बघा. फुकटची जागा १५ जीबी, त्यातच ईमेल, त्यातच फोटो. फोटो फुकट आणि अमर्याद ठेवायची सोय २०२१ च्या जूनपासून बंद झाली. आम्ही एका हंगामात साधारण सहा हजार फोटो काढतो. एक फोटो चार एमबीचा धरला तरी २४ जीबी झाले. व्हिडिओ वेगळेच. सहा जणांची सहा खाती, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, म्हणजे पुन्हा माहिती सहा ठिकाणीच. आणि मळ्यातलं नेट. पावसाळ्यात रस्त्याच्या कामाचा जेसीबी आला की फायबर तुटलीच समजा, चार-चार दिवस जोडायला कोणी येत नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची गफलत इथंच होते. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. राउटर हा आपल्या घरातला एक चौक आहे. त्या चौकातून एक रस्ता बाहेर इंटरनेटकडं जातो. तो रस्ता बंद झाला तरी चौक चालूच असतो. घरातला फोन घरातल्या लॅपटॉपशी, लॅपटॉप प्रिंटरशी आरामात बोलू शकतो. म्हणजे सामायिक साठा या चौकातच ठेवला, तर नेट असो-नसो, आपला कागद आपल्याला मिळतो. रिचार्ज नाही, महिन्याचं भाडं नाही.

हे करायचे तीन रस्ते मी पाहिले.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ज्या राउटरला यूएसबीचं छिद्र असतं त्याला सरळ पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावायची. सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं की घरातल्या सगळ्यांना दिसते. करून बघायला छान. पण बऱ्याच राउटरमधली ही सोय जुनाट असते. वेग रडतखडत, आणि काही ठिकाणी फायली वाटायची जी पहिल्या पिढीची पद्धत आहे तीच चालते. त्या पद्धतीतल्या छिद्रातूनच २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर घुसला होता. त्यामुळं कामाचे कागद यावर ठेवू नका, गाणी-सिनेमे ठेवा.

दुसरा रस्ता तयार डब्याचा, ज्याला नॅस म्हणतात. दोन डिस्क बसतात, दिसायला देखणा, चालवायला सोपा. मी चौकशी केली तेव्हा चांगल्या कंपनीचा रिकामा डबाच पंधरा-वीस हजारांच्या पुढं होता, डिस्क वेगळ्या. ज्याला परवडतं आणि डोकं चालवायचं नाही त्यानं खुशाल घ्यावा, माझा आक्षेप नाही.

तिसरा रस्ता आमचा. माळ्यावर पडलेला २०१४ सालचा लॅपटॉप. पडद्यावर उभी रेघ आलेली, कीबोर्डाची निम्मी बटणं मुकी, पण आतलं यंत्र ठणठणीत. पुतण्या म्हणाला, "आप्पा, याला ना पडदा लागतो ना कीबोर्ड. एकदा बसवला की हा नुसता पडून राहणार आणि फायली वाटणार." कुणी म्हणेल रास्पबेरी पाय का नाही घेतला. तोही चांगला, वीज अजून कमी खातो. पण आपल्याकडं लाइटचा जो खेळ आहे त्यात लॅपटॉपला एक मोठा फायदा आहे, त्याची बॅटरी. लाइट गेली तरी यंत्र बंद पडत नाही. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली की फायली खराब होतात, हा खरा धोका, आणि तो बॅटरीमुळं टळतो. आमची बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं टिकते, पण तेवढ्यात इन्व्हर्टर लागतोच.

बॅटरीचं एक मात्र लक्षात ठेवा. कायम चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी फुगू शकते. काही लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, असेल तर ती चालू करा. आम्ही दर दोन महिन्यांनी लॅपटॉप उलटा करून तळ बघतो. तळ जरा जरी वर आलेला दिसला की बॅटरी बाहेर, चर्चा नाही.

बसवलं कसं ते थोडक्यात. जुनी ५०० जीबीची डिस्क काढून त्या जागी छोटी एसएसडी घातली. तिच्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं. हे लिनक्सवर चालतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि त्यावरून बसवायचं. बसवताना ते अख्खी डिस्क पुसतं, म्हणून आधी सगळं बाहेर काढून घ्या आणि बाहेरच्या डिस्क तेव्हा जोडूच नका. एकदा बसलं की पुढचं सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून, बँकेची वेबसाइट वापरतो तसं. लॅपटॉपचं झाकण मिटलं तरी झोपायचं नाही, हे त्याला सेटिंगमध्ये एकदा बजावावं लागतं. नाहीतर झाकण मिटलं की सगळ्यांच्या फायली गायब. आणि राउटरमध्ये जाऊन या लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवायचा. नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि घरातली माणसं म्हणतात, बिघडलं.

मूळ साठ्यासाठी १ टीबीची बाहेरून लावायची छोटी डिस्क. छोटीच घ्या, ती यूएसबीच्याच विजेवर चालते. मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, म्हणजे लाइट गेली की लॅपटॉप चालू आणि डिस्क बंद, हा दुसराच घोळ. जी ५०० जीबीची जुनी डिस्क काढली होती, तिला साडेतीनशे रुपयांचं कव्हर घेतलं. रोज रात्री दोन वाजता महत्त्वाच्या फोल्डरची नक्कल तिच्यावर आपोआप होते.

वीज किती खातो, हा नानांचा पहिला प्रश्न. प्लगला लावायचं मीटर मित्राकडून आणलं. पडदा बंद असताना १४ वॉट दाखवले. दिवसाचे २४ तास धरले तर महिन्याला साधारण दहा युनिट. आपापल्या बिलातला दर लावून पाहा. नाना म्हणाले, "म्हशीच्या गोठ्यातला बल्ब याहून जास्त खातो." तिथंच मंजुरी मिळाली.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: एसएसडी १,४००, १ टीबीच्या दोन डिस्क ९,४००, जुन्या डिस्कचं कव्हर ३५०, राउटरपासूनची केबल ३००, आणि शेडपर्यंतच्या जोडणीला २,६००. एकूण १४,०५०. हे २०२४ चे दर, डिस्कचे भाव कांद्यासारखे वर-खाली होतात, आजचा दर आज विचारा.

शेडचं सांगायला हवं, कारण यात पुष्कळ जण पैसे जाळतात. घरापासून पॅकिंग शेड पंचावन्न मीटर. नेहमीची तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळं केबलवाला म्हणाला, खांबावरून ओढून देतो. मी नको म्हणलं. वळवाच्या पावसात आपल्या भागात विजा कशा पडतात ते माहितीय. दोन इमारतींमध्ये उघड्यावर तांब्याची तार ओढली की जवळपास वीज पडली तरी झटका त्या तारेतून दोन्हीकडच्या यंत्रांत जातो. म्हणून काचेची, म्हणजे फायबरची केबल घेतली आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. फक्त त्या केबलसोबत आधाराची पोलादी तार असते, ती दोन्हीकडं भिंतीच्या बाहेरच कापून थांबवायची, आत आणायची नाही. आता शेडमध्ये भाऊ जुन्या टॅबवर फवारणी नोंदवतो आणि ती थेट घरातल्या साठ्यात बसते.

वेगाची चिंता करू नका. आमच्या राउटरचं छिद्र जुनं आहे, सेकंदाला ११ एमबीच्या आसपास जातं. एक फोटो टिचकी वाजवेपर्यंत, १ जीबीचा व्हिडिओ दीड मिनिटात. शेतकऱ्याला याहून जास्त लागत नाही. विकणारा 'शंभर एमबीपीएस' म्हणतो तेव्हा त्याला आठनं भागायचं, मग खरा आकडा कळतो.

फोनमधून आपोआप साठ्यात जाण्यासाठी फोल्डरसिंक नावाचं ॲप टाकलंय. फोन घरच्या वायफायमध्ये आला आणि चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो साठ्यात. कुणाला काही करायचं नाही, आणि हेच महत्त्वाचं. संध्याकाळी थकून आलेल्या माणसाला "आता फोटो कॉपी कर" म्हणलं तर तो करणार नाही. मी पण करणार नाही. दिशा मात्र एकतर्फी ठेवा, फोनमधून साठ्याकडं. दोन्हीकडून ठेवली तर फोनमधलं उडवलं की साठ्यातलंही उडतं.

यातून एक फायदा असा झाला की व्हॉट्सॲपवरून फोटो गोळा करायची गरजच संपली. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्याच्या पोटातली माहिती, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या जागेवर काढला, ती गळून पडते. गारपिटीचा पंचनामा असो नाहीतर औषधाचा पुरावा, मूळ फोटोला किंमत आहे, पाठवलेल्याला तेवढी नाही. पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ जसाच्या तसा जातो. फोनच्या कॅमेऱ्यात जागेची नोंद चालू आहे का, तेही आजच बघा.

आता यंत्रापेक्षा जास्त डोकं जिथं लागलं ते: फोल्डरची मांडणी. पुतण्याचं म्हणणं, फोटो-व्हिडिओ-पीडीएफ असे कप्पे करू. मी म्हणलं, आपण शेतात "पीडीएफ" शोधत नाही, आपण "गेल्या वर्षी खालच्या प्लॉटला छाटणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी काय होतं" ते शोधतो. म्हणून आधी हंगाम, त्यात प्लॉट, त्यात काम. हंगाम खरड छाटणीपासून खरड छाटणीपर्यंत धरतो, एक जानेवारीपासून नाही. प्रत्येक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख. असं उलटं लिहिलं की फायली आपोआप तारखेनं ओळीत लागतात. त्यापुढं 'छाटणी', 'देठ', 'फवारणी', 'पाणी' यातला एक शब्द. एवढाच नियम. याहून बारीक नियम केले असते तर महिनाभरात कुणी पाळले नसते.

घरातली वाटणी पण ठरवली. शेताचं फोल्डर सगळ्यांना उघडं. कागदपत्रांचं फोल्डर, ज्यात आधार, सातबारा, कर्जाचे कागद, ते फक्त आम्हा दोघा भावांना आणि दोघींना. सल्लागार साहेबांना वेगळं नाव-पासवर्ड, त्यांना फक्त बघता येतं, बदलता येत नाही. ते शेतावर आले की आमच्या वायफायला जोडतात आणि थेट अहवाल उघडतात. कचरापेटीची सोय सुरुवातीलाच चालू करून ठेवली होती. धाकट्या पुतणीनं एकदा कार्टून शोधता शोधता '२०२१-२२' हे अख्खं फोल्डर उडवलं, पाच मिनिटांत कचरापेटीतून परत मिळालं. पोरीला कुणी रागावलं नाही.

आता कामाचं बोलतो. हे सगळं करून शेतात काय फरक पडला?

एप्रिलमध्ये सल्लागार साहेब बसले होते. त्यांनी सहा वर्षांचे देठ परीक्षणाचे अहवाल एकाशेजारी एक लावले. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या ईमेलमध्ये असताना प्रत्येक अहवाल आम्ही सुटा बघत होतो आणि प्रत्येक वेळी "सोडियम जरा जास्त आहे" म्हणून पुढं जात होतो. शेजारी लावल्यावर दिसलं की खालच्या प्लॉटचं सोडियम दरवर्षी चढतंय, एकही वर्ष खाली आलेलं नाही, आणि पोटॅश त्याच प्रमाणात उतरतोय. वरच्या प्लॉटला असं नाही. माती दोन्हीकडं जवळपास सारखी, खुंट एकच, खत एकच. फरक पाण्याचा. वरच्या प्लॉटला विहिरीचं पाणी आणि खालच्या प्लॉटला २०१९ साली घेतलेल्या बोअरचं. पाणी परीक्षणाचे दोन अहवाल त्याच फोल्डरमध्ये होते, तेही काढले, चित्र पूर्ण झालं. पानांच्या कडा करपतात ते आम्ही उन्हावर ढकलत होतो. साहेब म्हणाले, "दादा, हा प्लॉट अजून दोन वर्षांनी हातातून गेला असता, आणि तुम्ही पोटॅशच्या गोण्या ओतत बसला असता." यंदा शेततळ्याचं पाणी खालच्या प्लॉटला आधी राखलंय, बोअरचं पाणी मिसळूनच द्यायचं. पुढच्या देठ परीक्षणात काय येतं ते इथं लिहीनच.

दुसरं, नानांच्या वह्या. पुतण्यानं दिवाळीच्या सुट्टीत फोननं पान-पान टिपलं, नऊशेच्या वर पानं झाली. नानांना आधी पटत नव्हतं, "माझं अक्षर कोण वाचणार." मग मोठ्या टीव्हीवर एक पान लावून दाखवलं. १९९४ ची गोडी छाटणी, तारीख, पावसाचे दिवस, डाऊनी कुठल्या ओळीपासून सुरू झाला, सगळं लिहिलेलं. नाना उठून टीव्हीजवळ गेले आणि चष्मा वर करून स्वतःचंच अक्षर वाचत राहिले. आता ते रोज जेवणानंतर एक वही लावायला सांगतात आणि जे अक्षर लागत नाही ते सांगतात, सौभाग्यवती टाइप करतात. नाना ८१ वर्षांचे आहेत. डिस्क काय, पुन्हा मिळेल, पण 'उ.आ.पा.' म्हणजे 'उत्तरेकडून आलेला पाऊस' हे सांगणारं माणूस एकच आहे. ज्यांच्या घरात अशा वह्या आहेत त्यांनी यंत्र नंतर घ्या, वह्यांचे फोटो आधी काढा. वाळवी थांबत नाही.

जाता जाता थोडं तांत्रिक कौतुक. हे जे फायली वाटण्याचं काम आतमध्ये करतं त्या सॉफ्टवेअरचं नाव सांबा. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या तरुणानं १९९१-९२ च्या सुमारास स्वतःच्या गरजेपोटी सुरू केलं. एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमानं येणारा शब्द त्यानं यादीत शोधला आणि सांबा नाव निघालं. आज जगभर वापरतात, आणि आपल्या माळ्यावरच्या लॅपटॉपलाही फुकट. मला हे कळलं तेव्हा आपल्या बियाणं वाटणाऱ्या जुन्या माणसांची आठवण झाली.

आता एक गोष्ट कडक शब्दांत. हा साठा म्हणजे सुरक्षित ठेव नव्हे. सगळ्यांच्या फायली एका डिस्कवर आणल्या म्हणजे सगळ्यांच्या फायली एकदम जायची सोयही केली. काही जण दोन डिस्क जोडून एकीत लिहिलेलं दुसरीत आपोआप उमटेल असं करतात. ते डिस्क मरण्यापासून वाचवतं, पण चुकून उडवलं की दोन्हीकडचं उडतं. व्हायरसनं कुलूप लावलं तर दोन्हीला लागतं. चोरी, आग, वीज, यात दोन्ही एकाच टेबलावर. म्हणून १ टीबीची दुसरी डिस्क जोडलेली नसते आणि घरातही नसते. ती पिंपळगावला बहिणीकडं कपाटात असते. साधारण पंधरा दिवसांनी माल घेऊन जाणं होतंच, तेव्हा ती आणायची, रात्रभर नक्कल करायची, पुढच्या फेरीला परत द्यायची. ही डिस्क मुद्दाम अशा पद्धतीनं फॉरमॅट केलीय की कुठल्याही साध्या विंडोज लॅपटॉपला लावली की उघडते. उद्या मी नसलो, पुतण्या नोकरीला लांब गेला, तरी घरातल्या बाईमाणसाला ती लावून बँकेचा कागद काढता आला पाहिजे. पासवर्ड आणि कुठली तार कुठं, हे एका कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलंय. दोघींनाही ते एकदा स्वतःच्या हातानं करायला लावलं, आम्ही नुसते उभे राहिलो.

बाहेरगावाहून बघायची सोय हवी असेल तर राउटरमध्ये दार उघडून ठेवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. तशीही मळ्यातल्या बऱ्याच कनेक्शनला स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळतच नाही. टेलस्केलसारखं ॲप दोन्हीकडं टाकलं की काम होतं. आम्ही ते फक्त माझ्या आणि पुतण्याच्या फोनवर ठेवलंय.

देखभाल म्हणाल तर फडकं. लॅपटॉप जमिनीपासून चार फूट वर, जाळीच्या कपाटात, कारण पाल आणि मुंग्यांना गरम जागा आवडते. तारा लोखंडी पाइपमधून, कारण उंदीर. महिन्यातून एकदा डिस्कची तब्येत दाखवणारं पान उघडतो. आणि तीन महिन्यांतून एकदा पिंपळगावच्या डिस्कवरची कुठलीही एक जुनी फाइल खरंच उघडून बघतो. मागच्या खेपेला भावाच्या सौभाग्यवतींनी निवडली, २०२० च्या जुलैमधली मजुरांची हजेरी. उघडली, आणि त्यात दोन बायांचे सहाशे रुपये द्यायचे राहिल्याचंही निघालं. एकीला दुसऱ्याच दिवशी दिले, दुसरी आता चांदवडकडं असते, तिचा पत्ता शोधतोय.